सव्वा सुताची होडी

मिस्त्रींनी प्लायवूडचा तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरला, पापड बघावा तसा उजेडासमोर नेला आणि विचारलं, "किती एमेम?"

"चार."

"म्हणजे सव्वा सूत." त्यांनी तो जरासा वाकवला. तो वाकला. "ह्याच्यात बसून तुम्ही पाण्यात जाणार?"

सुताराच्या हिशेबात एका इंचाचे आठ सूत. माझ्या प्राणांची आणि पाण्याची जी ताटातूट व्हायची, ती सव्वा सुतावर अवलंबून होती. "साहेब, कपाटाची पाठ मी दोन सुताची लावतो," मिस्त्री म्हणाले. "आणि कपाटाला कुठं पोहायचं असतं?"

मुद्दा बिनतोड होता. पण तोवर मी फार पुढे गेलो होतो. म्हणजे काम काहीच केलं नव्हतं, पण होडीचा प्लॅन विकत घेतला होता आणि ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलो होतो.

कयाक ही मूळची आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा, वर सीलचं कातडं आणि मधोमध बसायला भोक. ज्याची कयाक त्याच्या अंगाच्या मापाने बनवायची. लांबी दोन्ही हात पसरून जेवढी भरते त्याच्या तिप्पट, रुंदी कंबर अधिक दोन मुठी. हे मी बायकोला वाचून दाखवलं. तिने मला समोरून नाही, बाजूने न्याहाळलं आणि म्हणाली, "आठ बाय चारच्या शीटमध्ये बसेल?"

मला भुरळ पडली ती त्या एका भोकाची. एका माणसाची होडी! आमच्या घरी चार माणसं आणि दोन बेडरूम. एकट्याने बसायची जागा एकच, आणि तिथेही पाच मिनिटांत बाहेरून कुणीतरी कडी वाजवतं. त्यात आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने नाव वल्हवून तेरावा आला होता. टँकरची वाट बघणाऱ्या भागातला मुलगा तिथवर जातो आणि आम्ही गोदाकाठी जन्मून फक्त रामकुंडावर पाय बुडवायचे? (दत्तूची बोट वेगळी. तिच्यात पाठ पुढे करून बसतात, कयाकमध्ये तोंड पुढे. आईला हा फरक समजावला. ती म्हणाली, "तोंड पुढे करायची तुला सवय आहेच.")

प्लायवूड घ्यायला गेलो तर दुकानदाराने आयएस ७१० चा शिक्का दाखवला. म्हणजे मरीन प्लाय. ह्या प्लायची कसोटी म्हणजे तुकडा बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवायचा आणि तरी थर सुटता कामा नयेत. मी नोकरी करतो अंबड एमआयडीसीत, क्वालिटी कंट्रोलमध्ये. शिक्क्यावर विश्वास ठेवायचा पगार मला मिळत नाही. घरी येऊन एक तुकडा पातेल्यात घालून गॅसवर चढवला. दीड तासाने आईने झाकण उचललं, बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, "मीठ घातलंस का?"

बहात्तर तासांचा बेत सिलिंडरकडे बघून सोडला. पातेलं मात्र त्या दिवसापासून माझ्या नावावर आहे.

डिसेंबरात पार्किंगमध्ये काम सुरू झालं. होडी पावणेसोळा फुटांची आणि शीट आठ फुटांची, म्हणजे शीटला शीट जोडणं आलं. तेही असं, की जोड वाकवला तरी कळू नये. त्यासाठी दोन्ही कडांना एकास आठ असा तिरपा उतार द्यायचा. चार एमेम जाडीला बत्तीस एमेमचा उतार. पायऱ्या कराव्यात तशी शीटं एकावर एक थोडी मागे सरकवून रचायची आणि सगळ्यांवरून मिळून रंधा फिरवायचा. मी फिरवला. रंध्याने आधी नाक खुपसलं, मग उडी मारली आणि अडीच हजारांच्या शीटचा कोपरा उंदराने कुरतडल्यासारखा झाला.

मिस्त्री तेव्हा दुसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी किचन करत होते. जेवणाच्या सुट्टीत खाली आले आणि चार-पाच मिनिटं मुकाट बघत राहिले. मग डबा बाजूला ठेवून म्हणाले, "द्या इकडं. बघवंना."

नंतर जे झालं ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. रंध्याचा आवाजच बदलला. माझ्या हातात तो खोकत होता, त्यांच्या हातात शीळ घालायला लागला. उतारावर प्लायचे थर उघडे पडत गेले, एक फिका, एक गडद, साडीच्या काठासारखे. "ह्या पट्ट्या बघा. पट्टी सरळ तर उतार सरळ. पट्टी पोटात गेली म्हणजे तिथं जास्त खाल्लं." बोटाने एक पट्टी दाखवून त्यांनी तेवढ्यापुरता एक हलका हात मारला. पट्टी सरळ झाली. मी पंधरा वर्षं व्हर्नियर धरून बसलोय, पण अशी तपासणी बघितली नव्हती.

मिस्त्री होडीत शिरले ते असे. पण ती खिळ्यांशिवाय होणार हे त्यांना पटेना. ह्या पद्धतीत फळ्या शिवतात. कडेला दर चार इंचांवर बारीक भोक पाडायचं, तांब्याच्या तारेने दोन फळ्या टाचायच्या, आतून सांध्यात इपॉक्सी भरायचं आणि ते कडक झालं की तारा कापून टाकायच्या. साठीच्या दशकात इंग्लंडमध्ये घरच्या घरी बांधायची 'मिरर' नावाची शिडाची होडी अशीच शिवून बनवायला लागले आणि हजारो लोकांनी ती बांधली. मिस्त्रींना इंग्लंडचं काही नव्हतं. मग मी देशी पुरावा काढला. आपल्या किनाऱ्यावर पूर्वी काथ्याने शिवलेली जहाजं चालायची, आणि २०२५ मध्ये नौदलाने 'कौंडिण्य' नावाचं शिवलेलं जहाज ताफ्यात घेतलंय.

"ते नेव्हीवाले आहेत," मिस्त्री म्हणाले. "त्यांना पोहता येतं."

तार आणली मोटार वायंडिंगवाल्याकडून. अडीचशेच्या वर टाके पडले. सपाट फळ्या तार पिळता पिळता हळूहळू उठतात, वाकतात आणि एका संध्याकाळी पार्किंगमध्ये खरंच होडी दिसायला लागते. त्याच संध्याकाळपासून लोकही दिसायला लागले. पहिल्या मजल्यावरचे काका रोज सकाळी दूध घेऊन येताना विचारायचे, "काय, पाणी किती चढलं?" कुणी म्हणे, गोदेचा पूर ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की तुम्हालाच फोन करतो. एका गृहस्थांनी गंभीरपणे सल्ला दिला की २०२७ च्या सिंहस्थात माणशी शंभर रुपये घेतले तरी खर्च निघेल. एकाच माणसाची होडी आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग दोनशे घ्या."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय आलाच. पार्किंगला दुचाकीचे पन्नास, चारचाकीचे दीडशे. माझा मुद्दा असा, की कयाकला चाकं शून्य, सबब शुल्क शून्य. खजिनदारांचा मुद्दा असा, की लांबी कारपेक्षा जास्त, सबब दोनशे. पाऊण तास चर्चा झाली. टाकी धुण्याचा विषय पुढच्या महिन्यावर गेला. शेवटी होडीला सायकल मानावं, असा ठराव झाला.

आता इपॉक्सीबद्दल. हे प्रकरण फेव्हिकॉलसारखं वाळत नाही. रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या मापात मिसळले की त्यांची आपसात रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते कडक होतं. थंडीत ही क्रिया गारठते. आणि नाशिकची थंडी! इतरांना तिचं कौतुक सांगताना आम्ही निफाडचा पारा खिशात घेऊन फिरतो. त्या थंडीने माझा पहिला सांधा तीन दिवस गुळाच्या पाकासारखा चिकट ठेवला. दिंडोरीच्या मामाला फोनवर सांगितलं. मामा द्राक्षवाला. त्याच्यापाशी थंडीवर एकच उपाय. "शेकोटी कर. आम्ही बागेत करतो, नाहीतर मणी तडकतात."

प्लायवूड, रेझिन, वर चार मजले. शेकोटी रद्द. होडीवर घरातल्या दोन गोधड्या पांघरल्या आणि आत शंभरचा बल्ब सोडला. रात्री अकराला खाली आलो तर आई तिसरी गोधडी घेऊन उभी. "पायाकडून उघडी पडलीय," ती म्हणाली.

सांध्यात भरायच्या इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवायचा असतो. प्लॅनमध्ये लिहिलं होतं, पीनट बटरइतकं घट्ट. आमच्या घरात ते कुणी खात नाही. आई म्हणाली चक्का, बायको म्हणाली पुरण. दोघींत मतभेद झाले. मी चक्क्याइतकं केलं, ते सांध्यातून ओघळून खाली जमा झालं. पुरणाइतकं केलं, ते जागेवर बसलं. बायको ह्यावर अवाक्षर बोलली नाही. ती रागावली की मला 'अहो' म्हणते आणि जिंकली की गप्प बसते.

मार्चमध्ये उलटं सुरू झालं. वाडगाभर इपॉक्सी कालवलं आणि एवढ्यात काकांशी पाण्याच्या पातळीवर दोन शब्द बोललो. हातात चटका बसला म्हणून बघतो तर वाडग्यातून धूर. एका जागी साचलं की त्याची उष्णता त्यालाच चढते आणि ते आणखी भराभर तापतं. ताटलीत पसरून ठेवलं असतं तर एवढं भडकलं नसतं. प्लॅस्टिकचा वाडगा बसला, आतला ब्रश उभाच्या उभा राहिला. मुलीने ते बक्षीस म्हणून टीव्हीवर मांडलं.

फायबरग्लासच्या कापडाचा दिवस मात्र मी कुणाला देणार नाही. पांढरंशुभ्र कापड होडीवर अंथरलं, वर इपॉक्सी ओतलं आणि जुन्या लायब्ररी कार्डाने पसरवत गेलो. जिथे ते भिजलं तिथे कापड नाहीसंच झालं. खालून लाकडाच्या रेषा वर आल्या, ओल्या, मधाच्या रंगाच्या. मिस्त्री आपलं किचन सोडून आले, काकाही आले, आणि दोन मिनिटं कुणीच पाण्याची पातळी विचारली नाही. मग एक डास येऊन बसला. तो तिथेच आहे.

चिमट्यांचं सांगायचं राहिलं. काठाला आतून लाकडी पट्टी चिकटवायची तर वीतभर अंतरावर शिकंजे लागतात. माझ्याकडे चार होते. बायकोने कुठल्याशा प्रदर्शनातून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणले होते, तीन डझन. ते लावले. दुसऱ्या दिवशी काढले, वरचं डेक बसवलं आणि मोजून परत दिले. पस्तीस भरले.

"अहो," ती म्हणाली.

होडी मे महिन्यात पुरी झाली. वजन एकवीस किलो. मामा म्हणाला, "म्हणजे एक क्रेट." गंगापूर धरण म्हणजे शहराचं पिण्याचं पाणी, तिथे परवानग्या आल्या. म्हणून पहिली फेरी मामाच्या शेततळ्यात ठरली. शेततळं तीस बाय तीस मीटर. पण खरड छाटणी झालेल्या वेलांना पाणी चालू होतं. मामाचा रोज फोन, "लवकर ये, पाणी खाली चाललंय."

ओरखडे नकोत म्हणून होडी पांढऱ्या चादरीत गुंडाळली आणि चौघांनी खांद्यावर घेऊन गेटबाहेर आणली. समोरच्या पानवाल्याने उठून हात जोडले. मिस्त्रींनी त्याला आत कोण आहे ते सांगितलं नाही. छोटा हत्तीत होडी, मागे लाल फडकं, सोबत आई, बायको, मुलगी, मिस्त्री आणि "सहज म्हणून" आलेले काका. दिंडोरीला मामाच्या बागेतले मजूर काम थांबवून आले. एकट्याने करायच्या जलप्रवासाला अठरा माणसं जमली आणि शेततळ्याच्या चारही काठांवर वाटून उभी राहिली.

आईने नारळ काढला. होडीवर फोडायचा म्हणाली. सव्वा सूत आठवून मिस्त्रींनीच तो तिच्या हातातून घेतला आणि पंपाच्या चौथऱ्यावर फोडला.

मामाला काळजी वेगळीच होती. "टोक बघ कसलं आहे! कापड फाडशील माझं." कापड म्हणजे शेततळ्याचं प्लॅस्टिक. मग टोकाला गोधडीचा तुकडा सुतळीने बांधला. त्या ओल्या प्लॅस्टिकवरून उतरता येतं, चढता येत नाही, म्हणून एक मजूर दोर धरून बसला. मी लाइफ जॅकेट घालून, कंबर अधिक दोन मुठींच्या भोकात, फक्त कंबर धरून शिरलो. मुठींना जागा उरली नव्हती.

होडी तरंगली. दोनदा डुलली आणि तरंगत राहिली. काठावर टाळ्या पडल्या. मी वल्हं मारलं. लांब, अरुंद होडी नाकासमोर चालते, वळायला तिला ऐसपैस पाणी लागतं. इथे पाणी होतं जेमतेम पंचवीस मीटर. आठ वल्ह्यांत समोरचा काठ आला. "कापड! कापड!" मामा. मागे वल्हवत आलो. आठ वल्ह्यांत पुन्हा आई. असं पाच-सहा वेळा झाल्यावर मधोमध थांबलो. वारा पडला होता. पाण्यात आभाळ होतं आणि माझ्या आजूबाजूला दहा-बारा मीटर खरंच कुणी नव्हतं. मी पाय लांब केले. गुडघ्याला डेकच्या खालून काहीतरी टोचलं. हात घालून चाचपलं.

"सापडला!" मी ओरडलो.

चारही काठांवर धावपळ उडाली. मिस्त्रींनी चपला टाकून दोर पकडला. "कुठंय भोक? साहेब, अंगठा दाबून धरा!"

"भोक नाही! चिमटा! छत्तिसावा!"

बायकोने कमरेवर हात ठेवले. "मग घेऊन या."

"निघत नाहीये. पट्टीला चिकटलाय."

काठावर थोडी शांतता पसरली. मग मामा घड्याळात बघत म्हणाला, "जे काय काढायचं ते आज काढा बाबांनो. उद्या सकाळी सहाला मोटार चालू करणार आहे."