उन्हाची वही

"फक्त ऊन द्या सर, सहा तास. बाकी काय लागत नाय त्याला," सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीवाल्याने सुट्टे मोजता मोजता सांगितलं. बँकेत बत्तीस वर्षं मी 'फक्त इथे एक सही करा' असं म्हणत लोकांकडून सतरा ठिकाणी सह्या घेतल्या आहेत. तरी या 'फक्त'ला मी भुललो. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात कुंडीबाहेर ओसंडणारा पिटुनिया बघून दर जानेवारीत ही म्हणते, "आपल्याकडे का नाही असं काही?" तो प्रश्न यंदा निकालात काढायचा होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सहा रोपं, चार जांभळी आणि दोन पांढरी, पायांशी ठेवून रिक्षाने कोथरूडला आलो.

घरी आल्यावर प्रश्न पडला, ऊन म्हणजे कसलं ऊन? कोवळं, टळटळीत, कलतं, की जाळीतून गाळून आलेलं? आई तर उन्हाचं अनेकवचनच करते. "उन्हं आली का रे दारात?" म्हणते, जशी काही पाहुणेमंडळी. नर्सरीवाल्याने यातलं काहीच स्पष्ट केलं नव्हतं. मग मी जुनी डायरी काढली, रेघा मारल्या आणि ऊन मोजायला बसलो.

आमची बाल्कनी दक्षिणेला. फ्लॅट घेतला तेव्हा समोर एक बंगली आणि चिकूचं झाड होतं. आता तिथे पुनर्विकास होऊन अकरा मजले उभे आहेत. डायरी बघून मुलीने मोबाइलवर आकडेमोड केली. "बाबा, पुण्याचा अक्षांश साडेअठरा. डिसेंबरअखेर भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फार तर ४८ अंश वर येतो. समोरची बिल्डिंग ३३ मीटर धरली तर सावली तीस मीटरची. आणि आपण तिच्यापासून वीस मीटरवर." रिपोर्ट हातात देताना डॉक्टर थांबतात तशी ती थांबली. "आपण सावलीत आहोत."

"कायमचे?"

"नाही. मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस असतो तेव्हा. बिल्डिंगची सावलीच पडणार नाही." माझा चेहरा उजळला असावा, कारण तिने घाईघाईने पुढचं सांगितलं. "पण तेव्हा ऊन बाल्कनीत शिरत नाही, स्लॅबवर पडतं. आणि पिटुनिया हिवाळी फूल आहे. मेपर्यंत टिकतोय कुठला."

आठवडाभराच्या निरीक्षणानंतर हिशेब असा लागला: सकाळी ८.२५ ते ११.०५ पश्चिमेच्या कोपऱ्यात, दुपारी २.०५ ते ३.४० पूर्वेच्या. (सकाळचं ऊन आपल्या घरात पश्चिमेच्या कोपऱ्यात पडतं, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.) आवक ४ तास १५ मिनिटं, मागणी ६ तास. तूट पावणेदोन तासांची. शाखेत एवढी तूट निघाली असती तर रात्री कोणी घरी गेलं नसतं.

आहे ती आवक तरी पदरात पाडायची तर कुंड्यांची बदली आली. पाइपचा गॅस आल्यापासून सिलिंडरच्या दोन ट्रॉल्या पलंगाखाली पडून होत्या. एकीवर तीन कुंड्या अगदी दाटीवाटीने बसतात. सकाळी पश्चिम, दुपारी पूर्व. चाकांचा आवाज असा, की खालच्या मजल्यावरचे भाऊ एकदा वर येऊन "मशीन घेतलंत का नवीन?" असं विचारून गेले.

पण ऊन काही एकट्या पिटुनियाचं नव्हतं. टॉवेल आणि चादरींचा त्यावर जुना वहिवाटीचा हक्क होता आणि त्या खात्यात हात घालण्याची माझी छाती नव्हती. त्यातच आईचं व्हिटॅमिन डी अकरा निघालं. डॉक्टर म्हणाले, कोवळ्या उन्हाचा फारसा उपयोग नाही, जरा चढलेलं ऊन अंगावर घ्या. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला आई प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन पश्चिमेच्या कोपऱ्यात हजर. आईचं वय ब्याऐंशी, पिटुनियाचं दीड महिना. ज्येष्ठतेने निर्णय झाला.

गच्ची हा मार्ग होताच. सेक्रेटरींकडून किल्ली मिळवायला तीन दिवस लागले. सोलरच्या पॅनेलवर सावली पडणार नाही, असं माझ्याकडून लेखी घेतलं. रोपांची उंची तेव्हा चार इंच होती. पहिल्या दिवशी सकाळी कुंड्या वर ठेवल्या आणि सहा तास सोडून आठ तास ऊन मिळणार या आनंदात जेवून झोपलो. पाचला वर गेलो तर सहाच्या सहा रोपांनी माना टाकलेल्या. सहा इंची कुंडीतली माती दुपारीच कोरडी ठणठणीत झाली होती. 'बाकी काय लागत नाय' या सदरात पाणी मोडत नाही, हे तेव्हा कळलं. भरपूर पाणी घातल्यावर रात्रीतून सगळी उठून बसली, पण पुन्हा गच्चीवर न्यायची हिंमत माझ्यात उरली नाही.

मग आरसा. कपाटाच्या दाराचा जुना आरसा दुपारच्या तिरिपेत धरून कवडसा कुंड्यांवर पाडायचा, ही कल्पना उत्तम होती. तो पाऊण तास धरणार कोण, एवढाच मुद्दा होता. मी धरला. अकराव्या मिनिटाला हात भरून आला, कवडसा घसरला आणि स्वयंपाकघरात फोडणी घालणाऱ्या हिच्या डोळ्यांवर गेला. आरसा आता पलंगाखाली आहे, ट्रॉल्यांच्या जागी.

डिसेंबर सरत आला तेव्हा रोपं वाढली होती, पण उभीच. दोन पानांमध्ये वीतभर अंतर, कळीचा पत्ता नाही. ऊन कमी पडलं की ती अशीच उन्हाच्या शोधात लांबत जातात, शेंडे खुडायला हवेत, असं मुलगी म्हणाली. शिवाय पिटुनिया तंबाखूच्या कुळातला आहे, त्याचं नावच ब्राझीलकडच्या एका तंबाखूच्या शब्दावरून आलंय, अशी माहितीही दिली. आई खुर्चीत एकदम ताठ बसली. तिने मशेरी सोडली त्याला चाळीस वर्षं झाली. तिने एक चिकट पान तोडलं, तळहातावर चुरडलं, नाकाशी नेलं. "काही अर्थ नाही," म्हणाली, पण त्या दिवसापासून कुंड्यांत लक्ष घालू लागली. मेथी निवडावी तसे नखाने पटापट शेंडे खुडले. मला धीर होत नव्हता. खुर्ची फूटभर मागे घेऊन ट्रॉलीला वाटही दिली.

भोगीच्या दिवशी पहिलं फूल आलं. जांभळं. पुढच्या आठवड्यात बारा. मी कौतुकाने हिला बाल्कनीत बोलावलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "फुलं कुठेयत?"

फुलं होती, पण सगळ्यांची तोंडं उजेडाकडे, म्हणजे बाहेर. आमच्या वाट्याला देठ आणि पाठी. कुंड्या फिरवून ठेवल्या तरी पुढच्या कळ्या बाहेर तोंड करूनच उमलल्या. अडीच महिने मी ढकलगाडी चालवली आणि समोरच्या अकरा मजल्यांना पुष्पप्रदर्शन फुकट.

काल सकाळी तिथल्या तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ चहाचा कप घेऊन कठड्याशी आले. माझ्याकडे बघून हात हलवला. "काका, काय फुललंय हो! ऊन मस्त दिसतंय तुमच्याकडे!"

मी काही बोलणार, तेवढ्यात आई खुर्चीतूनच म्हणाली, "त्याला म्हणावं, जरा सरक."