रविवारी माफी, सोमवारी पुन्हा तेच?

सोलापुरातल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज नाताळ आणि गुड फ्रायडेच्या सुमारास हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: 'ख्रिश्चनांचं बरं असतं. आठवडाभर काहीही करा, रविवारी चर्चमध्ये माफी मागा, उधारीची वही कोरी. त्यांच्या देवाने रागाच्या भरात स्वतःच्याच पोराचा बळी घेतला, म्हणून यांना आता काही करायचं उरलेलं नाही.' खाली हसऱ्या तोंडांची रांग. टाकणारे सगळे ओळखीचे, गड्ड्याच्या यात्रेत बरोबर हिंडणारे. तेव्हा भांडायचं नाही, पण उत्तर द्यायला हवं.

आधी ती वही. हा टोमणा नवा नाही. पहिल्या शतकात येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या पौलाला तो ऐकावा लागला असणार. बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 6व्या अध्यायात तो स्वतःच विचारतो की कृपा, म्हणजे देवाची न कमावता मिळणारी क्षमा, वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, आणि तिथल्या तिथे 'मुळीच नाही' म्हणतो. देवाशी समेट म्हणजे नुसती शिक्षा टळणं नव्हे. नातं तुटलं होतं, ते जुळलं. जुळलेल्या नात्यात सोमवारी पुन्हा दगाच द्यायचा असेल, तर रविवारी जुळलं तरी काय?

लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, 19व्या अध्यायात जक्कय आहे. यरीहोतला मुख्य जकातदार, रोमन सत्तेसाठी वसुली करणारा, लोकांना नाडून गब्बर झालेला. ठेंगणा, म्हणून गर्दीतून येशू दिसावा यासाठी उंबरावर चढतो. येशू खाली उभा राहून त्याला नावाने हाक मारतो आणि आज तुझ्याच घरी उतरायचंय म्हणतो. जक्कयने अजून माफीचा म सुद्धा काढलेला नाही. लोक कुरकुरतात, आणि का कुरकुरू नयेत, त्यांचेच पैसे गेलेले! मग जक्कय उभा राहतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. क्रम बघा. चौपट फेडलं म्हणून येशू घरी आला नाही. तो आला म्हणून फेडायची बुद्धी झाली. मेसेज लिहिणाऱ्याला यातला 'फुकट' तेवढा दिसला.

आमच्यातल्याही काहींना तेवढाच दिसतो, हे मान्य करायला हवं. नाझींनी 1945 साली फाशी दिलेले जर्मन धर्मगुरू बोनहॉफर यालाच 'स्वस्त कृपा' म्हणत आणि त्यावर कडाडून टीका करत. कॅथलिक पापकबुलीतही धर्मगुरूने क्षमा उच्चारली म्हणून चोरीचा माल आपला होत नाही, शक्य असेल तर तो परत करावाच लागतो.

आता 'काही करायचं उरलेलं नाही' हे. येशूने सांगून ठेवलंय की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. देवाची पूजा थांबली तरी चालेल, पण हे आधी. आमच्या चर्चच्या मंडळीत दोन सख्खे भाऊ सामाईक भिंतीवरून अबोल झाले होते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खाण्याच्या विधीच्या वेळी भाकरीचं ताट आलं की थोरला तुकडा न घेता ते शेजाऱ्याकडे सरकवायचा. पाळकांनी त्याला मना केलं नव्हतं. त्याचा त्यालाच घास उतरेना. पुढे पुतणीच्या साखरपुड्याच्या निमित्ताने तोच आधी धाकट्याच्या दारात गेला. भिंतीची मोजणी अजून व्हायची आहे, चहा मात्र सुरू झाला. हिशेब आपोआप कोरा होणारा असता, तर इतके महिने ताट सरकवायची काय गरज होती?

राहिला बळी. रागावलेला बाप एका बाजूला, बिचारा पोरगा दुसऱ्या बाजूला, हे चित्र काही प्रवचनांतही रंगवलं जातं, त्यामुळे दोष सगळा मेसेजवाल्यांचा नाही. पण करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, 5व्या अध्यायात, देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता, असं आहे. दुखावलेला पक्षच पुढे आला आणि किंमतही त्यानेच सोसली. ख्रिस्त कुणी पकडून आणलेला तिसरा माणूस नाही. ख्रिस्ती श्रद्धेत पिता आणि पुत्र एकच देव. क्रुसावर नेमकं काय घडलं, हे चर्चने एकाच तऱ्हेने सांगितलेलं नाही. 11व्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मपंडिताने देवाच्या मानाची भरपाई अशी मांडणी केली, पूर्वेकडच्या चर्चनी मरणावरच्या विजयावर भर दिला. देवाची समजूत काढावी लागली, तेव्हा कुठे तो प्रेम करू लागला, असं मात्र यातलं कुणीच म्हणत नाही.

आणि देवाचा राग? बायबलमध्ये तो आहे, लपवायचं कारण नाही. जक्कयने ज्यांना नागवलं, त्यांच्या बाजूने एकदा विचार करा. ती लूट पाहूनही ज्याला काहीच वाटत नाही, असा देव त्यांना कशाला हवा होता?