साउंडचेक संपेपर्यंत दहा वाजतात

पोस्टरवर ‘रात्री ८ वाजता’ असं ठसठशीत छापलेलं असतं. नाशिकमध्ये इंडी, म्हणजे स्वतःची गाणी वाजवणारा, बँड ऐकायला निघालेल्या माणसानं सगळ्यात आधी हे आठचं प्रकरण समजून घ्यावं. आठला दार उघडतं. दार उघडतं म्हणजे वेटर टेबलं पुसायला लागतात. त्या वेळी स्टेजवर एक मुलगा पालथा पडून केबलचं दुसरं टोक शोधत असतो. दुसरा माइकपाशी उभा राहून ‘चेक, चेक, वन-टू’ म्हणत असतो, आणि थ्री कधीच येत नाही. याला साउंडचेक म्हणतात. तो सहाला व्हायचा होता.

आता घड्याळाची दुसरी बाजू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत बारापर्यंत वाढवता येते, पण सणासुदीची वाटणी होऊन चार पोरांच्या बँडपर्यंत त्यातलं काही पोहोचत नाही. बंद सभागृहाला सवलत आहे. आपल्याकडे मात्र गिग (बँडचे कार्यक्रम) होतात त्या गच्चीवर, लॉनवर, नाहीतर अर्ध्या छपराच्या रेस्टोबारमध्ये. म्हणजे बँड चढणार नऊ वाजून दहा मिनिटांनी आणि उतरणार दहाला. हाती पन्नास मिनिटं. साडेचार मिनिटांचं गाणं, त्यामागे दीड मिनिट गिटार जुळवणं आणि ‘नाशिक, कसे आहात?’ विचारणं. आठ गाणी झाली तर नशीब समजायचं.

उशिराबद्दल बँडला शिव्या घालण्याआधी त्यांचा दिवस बघा. मुंबई ते नाशिक साधारण १६५ किलोमीटर. पूर्वी उशिराचं कारण ठरलेलं होतं, कसारा घाट. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, घाट टळला आणि इतकं चांगलं कारण एका दिवसात वाया गेलं. आता भिवंडीचं नाव सांगतात. आमणे भिवंडी तालुक्यातच असल्यामुळे हे कारण टिकेल असं वाटतं.

बरं, बँड पोहोचला तरी ड्रमसेट पोहोचलेला असतोच असं नाही. ड्रमर अख्खा सेट घेऊन फिरत नाही. तो आणतो स्नेअर (करकरीत आवाजाचा लहान ड्रम), सिंबल (झांजेसारखी धातूची थाळी), किकचं म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचं पेडल आणि काठ्या. बाकीचा डोलारा ज्या गावी गिग त्या गावी भाड्यानं मिळतो, आणि त्या दुपारी तो कुणाच्या तरी हळदीला गेलेला असतो. तिथून तो येतो तेव्हा एका टॉमच्या (सेटमधल्या मधल्या आकाराच्या ड्रमच्या) स्टँडचा विंगनट पडलेला असतो आणि सिंबलच्या दांडीवरची प्लॅस्टिकची नळी नसते. ही नळी नसली की धातूवर धातू घासून सिंबलचं भोक लांबट होत जातं आणि पुढे तिथूनच तडा जातो. ड्रमरची सिंबल स्वतःची आणि महागाची, त्यामुळे तो हटून बसतो. मग किचनमधून गॅसच्या जुन्या नळीचा दोन इंच तुकडा कापून येतो. पुढचा प्रश्न फरशीचा. गुळगुळीत टाइल्सवर किकड्रम प्रत्येक ठोक्याला पुढे सरकतो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत गायकाच्या टाचेला लागतो. त्याखाली सतरंजी हवी. सतरंजी नसते. दारातलं ‘वेलकम’ लिहिलेलं पायपुसणं स्टेजवर जातं, आणि उशिरा येणाऱ्यांचं स्वागत करायला खाली कोणी उरत नाही.

यानंतर चॅनेलची, म्हणजे मिक्सरवरच्या माइक-वाद्यांच्या जोडण्यांची, मोजणी. किकला एक माइक, स्नेअरला एक, हाय-हॅटला (एकावर एक बसवलेल्या दोन सिंबलना) एक, तीन टॉमना तीन, वर दोन, असे ड्रमचेच आठ. बास एक, गिटार दोन, कीबोर्ड डावी-उजवी मिळून दोन, गळे तीन. सोळा झाले. साउंडवाले दादा आणतात तो मिक्सर बारा चॅनेलचा, त्यातले दोन ‘हलवलं की चालतात’. मग कपात सुरू होते. आधी हाय-हॅट जातं, मग टॉम, मग कीबोर्डची एक बाजू. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पन्नास-साठ माणसांच्या खोलीत ड्रमला माइकची गरजच नसते. मोकळ्या हातानं वाजवलेला स्नेअर सगळ्यांच्या डोक्यावरून भिंतीपर्यंत जाऊन परत येतो. खरी पंचाईत गळ्याची होते. ड्रमच्या वर ऐकू यावा म्हणून गायकाचा आवाज चढवतात. चढवला की त्याचाच आवाज स्पीकरमधून परत माइकात शिरतो आणि ती सुप्रसिद्ध शिट्टी वाजते. यावर पहिला उपाय म्हणजे गायकासमोरचा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःचं ऐकवणारा स्पीकर, कमी करणं. तो कमी केला की गायकाला स्वतःचं ऐकू येत नाही आणि तो सुरातून सुटतो. शिट्टी की बेसूर, एवढीच निवड आयोजकाच्या हातात असते.

स्पीकरमधून सतत ‘गुंऽऽ’ असा आवाज येत असेल तर तो कीबोर्डवरचा आधारसूर नव्हे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बारचा फ्रीज, रंगीत दिव्यांचे डिमर आणि बँडचे अँप्लिफायर (अँप) एकाच लाइनवर, पण वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंग झालेले असले की ती गुणगुण स्पीकरमध्ये उतरते. जाणकार माणूस डीआय बॉक्सवरचं (वाद्य आणि मिक्सर जोडणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबतो आणि गुणगुण जाते. अतिजाणकार माणूस अँपच्या प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतो. गुणगुण तेव्हाही जाते. पण मग एका हातात गिटार धरून गायकाचे ओठ माइकला टेकले की त्याच्या तोंडून जे निघतं ते गाण्यात नसतं. असा प्रकार दिसला तर मध्ये बोलावं, चारचौघांत आगाऊ ठरलो तरी चालेल. ध्वनीची लाइन आणि किचनची लाइन वेगवेगळ्या फेजवर असावी, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. पाळला जात नाही हे तेव्हा कळतं, जेव्हा विरहगीताच्या दुसऱ्या कडव्याला आत कुणीतरी मिक्सरवर मिल्कशेक लावतो.

कॉलेज रोडच्या कॅफेत ही भानगड नाही. तिथे ड्रमऐवजी काहोन असतो. काहोन म्हणजे लाकडी खोकं. वाजवणारा त्याच्यावरच बसतो आणि पायांमधून पुढच्या फळीवर थापा मारतो. गोड वाजतं, शेजारी तक्रार करत नाहीत. धोका एकच. मध्यंतरात तो उठला की कुणीतरी ‘हे स्टूल रिकामं आहे का?’ म्हणत ते उचलून पाचव्या माणसाला बसायला नेतं.

उभं कुठे राहायचं, हा या शास्त्रातला सगळ्यात महत्त्वाचा धडा. नवखा चाहता धावत पहिल्या रांगेत जातो. तिथे त्याला गायकाचे बूट स्पष्ट दिसतात आणि गायकाचा शब्द एकही कळत नाही, कारण गळा ज्या स्पीकरमधून येतो ते बाजूला आणि पहिल्या रांगेच्या पलीकडे रोखलेले असतात. समोरून येतो तो फक्त गिटारचा अँप आणि ड्रम. भिंतीला टेकू नये, कोपऱ्यात तर मुळीच नको. तिथे बास साठतो आणि गाणं ऐकल्यापेक्षा पोटात जास्त जाणवतं. साउंडवाले दादा बसतात तिथे, त्यांच्या पुढे हातभर, ही राजाची जागा. आवाज त्यांनी स्वतःच्या कानाला बरा वाटेल असाच लावलेला असतो, त्या कानाशेजारी आपला कान न्यावा. मात्र कधीकधी त्यांना चार्जरसाठी प्लग मिळाला तिथे म्हणजे खांबाआड बसवलेलं असतं. मग त्यांनी खांबाआडचा आवाज उत्तम लावलेला असतो. अशा वेळी खांबाआडच उभं राहावं.

आणि कानात बोळे घालावेत. कापसाचे नकोत, त्यांनी नुसती झांजेची चमक जाते आणि बाकीचं तसंच आत येतं. फोमचे घ्यावेत. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात. वर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला उरली पंधरा मिनिटं. हे कुणाला सांगायला गेलं की तो छाती काढून म्हणतो, ‘भाऊ, आपण नाशिक ढोलवर वाढलोय!’ त्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागतं, कारण पहिल्यांदा ऐकू गेलेलं नसतं.

हा ढोलाचा वारसा बँडलाही भोवतो. साठ ढोल आणि वीस ताशांनी ज्या शहराचे कान तयार झाले, तिथे एकटा ड्रमर किती घाम गाळणार? दिवाळीतल्या पाडवा पहाटेच्या मैफलीला अंधारात उठून पिंपळपारावर जागा धरणारं हेच शहर शनिवारी रात्री गायकाकडे पाठ करून पनीर टिक्का खातं. काका वेटरच्या हाती चिठ्ठी पाठवतात, ‘एखादं ओळखीचं घ्या.’ इंडियन ओशन हा बँड १९९० पासून स्वतःची गाणी वाजवतोय, अग्नी हा बँड तर आपल्या पुण्याचा. तरी नवं गाणं सुरू झालं की शेजारच्या टेबलावरून प्रश्न येतो, ‘कोणत्या पिक्चरमधलं?’ सात नंबरच्या टेबलावर वाढदिवस असतो. बँडला ‘हॅपी बर्थडे’ वाजवावंच लागतं, आणि संध्याकाळची सगळ्यात मोठी दाद त्यालाच मिळते. आयपीएलच्या दिवसांत तर गिगला जाऊच नये. बारच्या पडद्यावर मॅच आवाज बंद करून चालू असते. बाप गेल्यावरचं गाणं अगदी हळव्या जागी आलेलं असतं, तेवढ्यात विकेट पडते आणि सगळा हॉल उठून टाळ्या वाजवतो. नवा गायक वाकून आभार मानतो. जुना गायक स्कोअर विचारतो.

ज्यांनी सगळे शब्द पाठ करून यायचं ती मुलं कुठे असतात? बाहेर, पार्किंगमध्ये. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. पुष्कळ ठिकाणी दारावरच आधार कार्ड बघून एकविसाच्या आतल्यांना परत पाठवतात. गाण्याच्या वयाची मुलं भिंतीपलीकडे आणि गुडघेदुखीच्या वयाची माणसं भिंतीअलीकडे, अशी ही विभागणी. पलीकडच्यांना बास चांगला ऐकू येतो. भिंतीतून तेवढाच जातो.

द्राक्षमळ्यातली गिग म्हणजे वेगळंच खातं. २००८ पासून सुलाफेस्ट या द्राक्षमळ्यातल्या संगीत महोत्सवामुळे देशभरच्या श्रोत्यांना नाशिकचा रस्ता कळला, आणि थंडीत गंगापूर धरणाच्या बाजूला काहीतरी वाजत असणं आपल्या अंगवळणी पडलं. तिथे जाताना दुपारी चारला टी-शर्टवर निघालेला माणूस आठला टेबलावरचा रुमाल खांद्यावर घेऊन बसतो. जर्किन न्यावं, बंद बूट घालावेत. मळ्याच्या पार्किंगला उतार असतो, आणि ठिबकची नळी कुठेतरी फुटलेली असतेच. थंडी गिटारलाही वाजते. तारा आकसतात, सूर चढतो. मग स्टेजवरचे दिवे अंगावर आले की तारा तापून सैल होतात, सूर उतरतो. दर गाण्यामागे जुळवाजुळव चालते ती नखरा म्हणून नव्हे. भौतिकशास्त्राची आणखी एक गंमत म्हणजे हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा ऊबदार असते, त्यामुळे वर गेलेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबवर पोहोचतो. पंधरा फुटांवर उभ्या असलेल्या आपल्याला कडवं कळत नाही, पण लांबच्या वस्तीवर अंथरुणात पडलेल्या आजोबांना शब्दन् शब्द कळतो. पोलिसांना फोन त्यांचाच जातो, आणि त्यांचं समीक्षण बहुधा अचूक असतं.

दहाला पाच कमी असताना आयोजक स्टेजखालून हाताची पाच बोटं दाखवतो. बँड शेवटचं गाणं वाजवून आत जातो. जगभरची रीत अशी की लोकांनी ओरडावं आणि बँडनं परत यावं. आपली रीत संगीत नाटकाची. वन्स मोर द्यायचा तो पद संपल्या संपल्या, नट समोर असताना. नट विंगेत गेला म्हणजे अंक संपला, उठा, वडा खाऊन या. त्यामुळे बँड पडद्याआड टाळ्यांची वाट बघत उभा असतो आणि श्रोते पार्किंगच्या पावत्या शोधत असतात. म्हणून माझा नियम: शेवटून दुसऱ्या गाण्यालाच वन्स मोर ओरडून ठेवावा.

टी-शर्ट घ्यायचा तर पहिल्या गाण्याआधी घ्यावा. शेवटी फक्त स्मॉल आणि डबल एक्सएल उरतात, आणि बँडचं परतीचं डिझेल बऱ्याचदा याच टेबलावरून सुटतं. तिकीटही आधीच काढावं. ‘संध्याकाळी सातला बघू, जमलं तर’ म्हणणाऱ्यांमुळे आयोजक गुरुवारीच गिग रद्द करतो. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घरूनच काढून न्यावा, तळघरातल्या दारावर नेटवर्क येत नाही.

एवढं सगळं उरकून ड्रमर खाली येतो, सिंबलची पिशवी खांद्याला लावतो आणि हमखास विचारतो, ‘दादा, इथली मिसळ फेमस आहे ना? कुठे मिळेल?’ रात्रीचे सव्वादहा झालेले असतात. मिसळीची भांडी दुपारीच घासून पालथी पडलेली. त्याला सकाळपर्यंत थांब म्हणून सांगावं, तर उद्या दुपारी पुण्यात गिग. मग गाडीचा पत्ता द्यावा पावभाजीचा, आणि वर बजावावं, ‘पोहोचल्या पोहोचल्या ऑर्डर दे रे बाबा, तीही अकराला बंद होते.’