फाँग लीची आई तिथे आली

अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात आम्ही कारली, मिरच्या, कोथिंबीर घेतो ती बहुतेक वेळा ह्मोंग बायकांकडून. (लिहायचं ह्मोंग, म्हणायचं मोंग.) इतकी वर्षं त्यांच्याकडून भाजी घेऊनही त्या इथे कशा आल्या हे मी २०२० पर्यंत कधी विचारलं नव्हतं. याची मला लाज वाटते.

लाओसच्या डोंगरातली ही माणसं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयएने त्यांना हाताशी धरून तिथे छुपं युद्ध लढवलं, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्याही हातात बंदुका आल्या. १९७५ मध्ये तिथली सत्ता कम्युनिस्टांच्या हाती गेली. अमेरिकेने सेनापती आणि थोड्या लोकांना विमानाने बाहेर काढलं, बाकीच्यांना वाऱ्यावर सोडलं. जंगल तुडवत, रात्री मेकाँग नदी ओलांडत ते थायलंडच्या छावण्यांत पोचले. कित्येक जण नदीतच गेले. छावणीत बसून बायकांनी ते सगळं कापडावर भरलं: विमानं, सैनिक, नदी, बांबूला धरून पोहणारी माणसं. बाजारात असं एक कापड मी हातात घेतलं होतं. निळ्या दोऱ्यातली ती नदी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

२५ मे २०२० ला शेजारच्या मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ एका गोऱ्या पोलिसाचा गुडघा होता, त्यात तो गेला. तेव्हा लोकांना अडवत उभा राहिलेला पोलीस, टू थाओ, ह्मोंग होता. पुढे त्याला शिक्षा झाली. पण त्या आठवड्यात सगळा समाज हादरला होता. युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर दुकानं फुटत होती, त्यांत आशियाई माणसांचीही होती. म्हातारी माणसं घाबरली होती, तरुण मुलं घरातच वडीलधाऱ्यांशी वाद घालत होती.

आणि आमच्या मराठी ग्रुपवर काय चाललं होतं? "हे काळ्या-गोऱ्यांचं भांडण, आपण कशाला मध्ये पडायचं?"

त्याच मिनियापोलिसमध्ये २००६ मध्ये फाँग ली नावाच्या १९ वर्षांच्या ह्मोंग मुलाला पोलिसाने गोळ्या घालून मारलं. त्याच्याजवळ पिस्तूल होतं असं पोलिसांचं म्हणणं, ते तिथे नंतर ठेवलं असं घरच्यांचं. २००९ मध्ये ज्युरीने निकाल पोलिसाच्या बाजूने दिला. त्याला शौर्यपदकही मिळालं होतं. त्या दिवसांत या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले ते काळे कार्यकर्ते. ती लढाई त्यांची नव्हती, तरी ते आले. फ्लॉइड गेल्यावर फाँगची आई निदर्शनाला आली आणि आपल्या भाषेत बोलली. माझ्या मुलाच्या वेळी ही माणसं माझ्यासोबत होती, म्हणून मी आले, असा तिच्या बोलण्याचा अर्थ होता.

आपण मध्ये पडायचं नाही म्हणतो, पण आपण मध्येच आहोत. वंशावरून लोकांना बाहेर ठेवणारे कोटे १९६५ च्या कायद्याने गेले, म्हणून आपल्यातले बहुतेक जण इथे येऊ शकले. आदल्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता. त्या चळवळीने जमीन तयार केली होती. त्यासाठी मार कुणी खाल्ला हे सगळ्यांना माहीत आहे. तरी घर घेताना "त्या वस्तीत नको" हे आपण मराठीत, हळू आवाजात बोलतो. मीही बोललो आहे.

दरवर्षी २५ मे च्या सुमारास फ्लॉइड जिथे गेला त्या, अडतिसावा रस्ता आणि शिकागो अव्हेन्यूच्या चौकात लोक जमतात. या वर्षी मी जाणार आहे. गाडीत तीन जागा आहेत. ग्रुपमधल्या कुणाला यायचं असेल तर कळवा.