दोडक्याची सोयरीक

रिटायर झालो आणि महिन्याभरात डॉक्टरांनी कुंदा, आमच्या गावची ती दुधाची मिठाई, बंद केला. बेळगावात राहायचं आणि कुंदा खायचा नाही! "साखर वाढलीय. बागकाम करा, घाम येऊ दे, घरची ताजी भाजी खा," म्हणाले. या माणसानं उभ्या जन्मात शेणाची बादली उचलली नसावी.

शनिवारच्या बाजारात एका म्हातारीनं मूठभर बिया पुडीत बांधून दिल्या. "हीरेकाई, छलो ऐती!" म्हणजे कानडीत, चांगला आहे. मी विचारलं, दोडकाच ना? "दोडकाच की ओ!" आमच्याकडे दोन भाषांत खात्री झाली की व्यवहार पक्का.

मग जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं पातळ खत. पुस्तकी माप एका एकराला 200 लिटर. माझी शेती म्हणजे गच्चीचा कोपरा आणि चार कुंड्या. त्रैराशिक मांडून 20 लिटरवर आणलं: शेण 1 किलो, गोमूत्र 1 लिटर, गूळ 200 ग्रॅम, बेसन 200 ग्रॅम, शिवाय चिमूटभर माती. डब्यातून गूळ-बेसन काढताना सौ. म्हणाली, "लाडवाचं सामान आहे हे. तुम्हाला चालत नाही म्हणून झाडांना घालताय होय?"

शेण अनगोळच्या गवळ्याकडून. एक किलो सांगितलं, त्यानं ओळखीखातर बादलीभर दिलं. स्कूटरवर दोन पायांत बादली धरून निघालो तर टिळकवाडीचं रेल्वेचं दुसरं गेट पडलेलं. आली ती मालगाडी. डबे मोजून संपेनात. ऊन चढलं तशी बादली बोलायला लागली. डावीकडचा मोटरसायकलवाला पुढं सरकला, उजवीकडच्या बाईंनी पदर नाकाला लावला. अशा वेळी ऑफिसातला जुना सहकारी भेटायलाच हवा, तसा भेटला. बादलीत डोकावून म्हणाला, "पेन्शन सुरू झाली नाही काय अजून?"

वेल मात्र फोफावला. पावसानं उघडीप दिली आणि पिवळीधमक फुलं आली. रोज दहा-बारा, आणि एकही दोडका नाही. निरखून पाहिलं तर सगळी नर! झुपक्यानं येतात नि देठावरनं गळतात. मादी फुलाच्या मागं बोटाएवढा इवलासा दोडका असतो, ती मागनं येते. म्हणजे वरपक्ष मांडवात आठवडाभर जेवून बसलाय आणि नवरीचा पत्ता नाही.

अखेर एक आली. आता परागीकरण. ही फुलं उमलतात दिवस कलल्यावर. आमच्या गच्चीवर त्या वेळेला माश्या कुठल्या? म्हणून काम मीच करायचं ठरवलं. संध्याकाळी सहाला गच्चीवर गेलो, नर फूल खुडलं, पाकळ्या मागं वळवल्या आणि मधला पिवळा भाग मादीच्या तोंडावर हळूच फिरवला. चाळिशी घामानं घसरत होती. एवढ्यात शेजारच्या गच्चीवरनं पोरगं ओरडलं, "काका, काय करूल्यासा ओ?"

काय सांगणार? "लग्न लावतोय," म्हणालो.

त्यानं खाली जाऊन अख्ख्या गल्लीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सहाला तीन गच्च्यांवर माणसं! कुणीतरी "शुभमंगल सावधान"ही म्हणालं.

पण लागला हो दोडका! चार दिवसांत बोटाएवढ्याचा दुप्पट झाला, मग वीतभर. मी सकाळ-संध्याकाळ जिने चढून बघत होतो. डॉक्टरांचा घाम तिथंच निघाला. सौ. म्हणाली, "आज करते भाजी." मी म्हटलं, अजून थोडा वाढू दे. मग पुण्याहून मुलगी येणार होती, तिला दाखवायचा म्हणून ठेवला. तिचं येणं पुढं गेलं. मग व्याही येणार होते.

अखेर विळीवर धरला तर विळी कचकन अडकली. आत नुसत्या शिरा. जीवामृत, गूळ, बेसन, तेवढ्या गच्च्यांवरचं वऱ्हाड, सगळ्याचा जून जाळीदार चोथा झाला होता.

साखर थोडी उतरलीय. दोडका वाळवून न्हाणीघरात टांगलाय. रोज सकाळी सौ. त्यानंच माझी पाठ घासते, आणि ज्या दिवशी जरा जास्त जोरात घासते त्या दिवशी मी समजतो, बेसनाचा डबा तिनं उघडून पाहिला.