मेसन सिटीच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतल्या मेसन सिटीच्या 1934 मधल्या बँक दरोड्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली आलेली आपली प्रतिक्रिया वाचली. इतरांनी ती पाहिली नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्या मते जॉन डिलिंजर या दरोडेखोराच्या टोळीने 52 हजार डॉलर नेले, म्हणजे दरोडा यशस्वीच झाला. "एका कारकुनाने सुट्ट्या नोटा काढून दिल्या, यात कसली मर्दुमकी". तेव्हाचे लोक बँकांवरच चिडलेले होते. आणि ठेवींना सरकारी विमा असल्यामुळे नुकसान कोणाचंच झालं नाही. शेवटी, मी "सिनेमे बघून लिहितो" असाही शेरा आहे.

आधी त्या शेऱ्याबद्दल. माझी उभी नोकरी बँकेच्या कॅश विभागात गेली. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक वर्षानुवर्षं माझ्याकडे असायची. दार कसं बंद होतं, घाईत नोटा कशा उचलल्या जातात, समोरचा माणूस ओरडत असताना हात कसे चालतात, हे मला कोणत्याही पडद्यावरून शिकावं लागलेलं नाही. मतभेद जरूर असावेत, पण लेख पुरता न वाचता लिहिणाऱ्याची लायकी काढणं ही चर्चेची रीत नव्हे.

एक गोष्ट मान्य. 1934 मध्ये 52 हजार डॉलर ही लहान रक्कम नव्हती. नवी फोर्ड गाडी तेव्हा सहाशे डॉलरच्या आत-बाहेर मिळत असे. तेवढं आपलं बरोबर.

आता त्या "सुट्ट्या नोटां"बद्दल, कारण दरोड्याचा सगळा निकाल तिथेच लागला. 13 मार्च 1934 रोजी टोळी आयोवातल्या मेसन सिटीच्या फर्स्ट नॅशनल बँकेत शिरली, तेव्हा तिजोरीत दोन लाख डॉलरहून जास्त रोकड होती. आधी पाहणी करून बँक हेरायचं काम टोळीतल्या एडी ग्रीनचं, आणि तो त्यात तरबेज होता. तिजोरीकडे गेला टोळीतला जॉन हॅमिल्टन. सहायक कॅशियर हॅरी फिशर आत होते आणि मध्ये सळयांचं बंद दार. हॅमिल्टनला आतल्या थप्प्या दिसत होत्या, पण हात पोचत नव्हता. फिशरना मारलं असतं तर आतून पैसे देणारं कोणी उरलं नसतं. म्हणून बंदूक हातात असूनही त्याला फिशर देतील ते घ्यावं लागलं. फिशरनी सुरुवात केली एक डॉलरच्या नोटांपासून, सळयांमधून, एकेक गड्डी.

याचा हिशोब करून बघा. अमेरिकी नोट एकची असो वा वीसची, आकार तोच आणि वजन साधारण एक ग्रॅम. शंभर नोटांची गड्डी एकच्या नोटांत शंभर डॉलरची, वीसच्या नोटांत दोन हजारांची. गड्डी सळयांतून बाहेर यायला वेळ मात्र दोन्हींना सारखाच लागतो. दहा हजार डॉलर एकच्या नोटांत नेले तर पिशवीत दहा किलोचं ओझं होतं. वीसच्या नोटांत तेच अर्धा किलोत बसतात. दरोडेखोराला बँकेत मोजकी मिनिटं मिळतात, आणि त्या मिनिटांत छोट्या नोटा पुढे करत राहणं म्हणजे त्याचा वेळ आणि पिशवी दोन्ही भरून टाकणं. मोठ्या थप्प्या डोळ्यांसमोर असताना हॅमिल्टनला निघावं लागलं, ते यामुळे. डोक्यावर बंदूक असताना ज्यांना हे सुचलं, त्यांना "एका कारकुनाने" म्हणून झटकून टाकणं मला अजिबात पटलेलं नाही.

"वेळ संपला म्हणून ते निघाले" असंही आपण लिहिलंय. अहो, पण तो वेळ खाल्ला कोणी? पहारेकरी टॉम वॉल्टर्स लॉबीच्या वर पोलादी पिंजऱ्यात बसलेले होते. खाली ग्राहक असल्यामुळे त्यांना साधी गोळी झाडता येत नव्हती. त्यांनी अश्रुधुराचं नळकांडं झाडलं, ते थेट ग्रीनच्या पाठीवर बसलं. पुढच्या क्षणी त्यांची बंदूक अडकली, दुसरा बार निघालाच नाही. तेवढ्या एका नळकांड्याने लॉबीत धूर भरला आणि टोळीचे डोळे चुरचुरू लागले. ग्राहकांनाही त्रास झालाच. बंद जागेत धूर माणूस बघून पसरत नाही. बँकेचे अध्यक्ष विलिस बॅग्ली आपल्या खोलीत पळाले, त्यांच्यामागे धावण्यात आणि दारातून गोळी झाडण्यात टोळीतला व्हॅन मीटर गुंतला. बाहेर न्यायाधीश जॉन शिप्ली यांनी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून जुन्या रिव्हॉल्व्हरने डिलिंजरच्या खांद्यात गोळी घातली. हॅमिल्टनही खांद्याला जखमी झाला. दोघांना सेंट पॉलला जाऊन चोरून डॉक्टर गाठावा लागला. आपल्या मते हे यश असेल, तर आपल्या मापाने मी मोजणार नाही.

आणि हो, टोळी निसटली हे मी लेखातच लिहिलंय. वीसेक ओलीस ब्युइक गाडीच्या रनिंग बोर्डवर (दाराखालच्या पायरीवर) आणि मडगार्डवर चढवले, मागे रस्त्यावर खिळे टाकले आणि गाडी हळूहळू शहराबाहेर काढली. पोलीस मागे होते, पण ओलिसांमुळे गोळीबार करू शकत नव्हते. आपण आपल्या प्रतिक्रियेत हेच मला नव्याने सांगितलंत.

लोकांचा बँकांवर राग होता हे खरं, पण माझा लेख त्या रागावर नव्हता. विम्याचं म्हणाल तर 1 जानेवारी 1934 ला सुरू झालेलं संरक्षण ठेवीदारामागे 2,500 डॉलरपर्यंत होतं आणि ते बँक बुडाल्यावर मिळायचं. दरोड्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय त्या दिवशी टोळीतल्या बेबी फेस नेल्सनने रस्त्यावरच्या एका निःशस्त्र माणसाच्या पायात गोळ्या घातल्या. तो शाळा मंडळाचा सचिव होता. नुकसान कोणाचंच झालं नाही, हे त्याच्याबद्दल लिहिताना हात कसा थांबला नाही आपला?

आपल्याकडे तिजोरीच्या दाराबद्दल किंवा नोटांच्या हिशोबाबद्दल काही वेगळी माहिती असेल तर जरूर लिहा, मी वाचेन आणि उत्तरही देईन. माझ्याबद्दलचे शेरे पुन्हा आले तर ते काढून टाकीन.