“बाग ५०० मीटर, तर रोबोही ५०० चाच”: हे कोणी सांगितलं?

जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर गवत कापणाऱ्या रोबोंबद्दल एक मेसेज फिरतोय. “बाग ५०० चौरस मीटर असेल तर ५०० चाच रोबो घ्या, उगाच जादा पैसे घालू नका. रात्री लावा आणि झोपा, सेन्सर असतात, कोणाला इजा होत नाही. ३५ टक्के उतारही चढतो. बागेची हद्द दाखवणारी तार पुरायची भानगड नाही. कापलेलं गवत उचलावं लागत नाही.” कोलोनजवळ राहणाऱ्या माझ्या भाऊजींनी हे वाचून यंत्र कार्टमध्ये टाकलंसुद्धा, म्हणून लिहितोय.

आधी तो ५०० चा आकडा. अनेक कंपन्या खोक्यावर छापतात ते क्षेत्रफळ यंत्र चार्जिंग धरून जवळजवळ चोवीस तास राबेल या हिशेबाने काढलेलं असतं. दिवसा दहा तासच चालवलंत तर ५०० चा रोबो जेमतेम २०० मीटर सांभाळेल. म्हणजे ५०० मीटर हिरवळीला साधारण बाराशेचं मॉडेल हवं. आणि मोजायची ती फक्त हिरवळ! घर, फरसबंदी, टोमॅटोचे वाफे वजा करून. भाऊजींनी अख्ख्या प्लॉटचा आकडा धरला होता.

“मग रात्रीही चालवा की!” इथे मात्र डोकं सटकतं. युरोपातले हेजहॉग (अंगावर काटे असलेले छोटे प्राणी) रात्रीच बाहेर पडतात आणि धोका जाणवला की पळत नाहीत, अंगाचा चेंडू करून जागीच बसतात. रोबोच्या खाली गरगरणाऱ्या चकतीला वस्तऱ्यासारखी पाती असतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डेन्मार्कच्या सोफी लुंड रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी १८ मॉडेलं आधीच मेलेल्या हेजहॉगांवर चालवून पाहिली. धडकण्याआधी प्राणी ओळखणारं त्यात एकही निघालं नाही. काही यंत्रं स्पर्श होताच मागे वळली, काहींनी चिरफाड केली. २०० ग्रॅमच्या आतलं पिल्लू तर एकालाही कळलं नाही. कसले सेन्सर घेऊन बसलात? कोलोन शहराने २०२४ पासून हे रोबो रात्री चालवायला बंदी घातली आहे, हे त्याच शहराच्या वेशीवर राहणाऱ्या माणसाला मी पुण्यातून सांगायचं!

बाकीचं भराभर. ३५ टक्के म्हणजे ३५ अंश नव्हेत, जेमतेम १९ अंश. आणि ओल्या गवतावर चाकं घसरतात ती वेगळीच. उपग्रहाच्या भरवशावर चालणाऱ्या बिनतारी मॉडेलला मोकळं आभाळ लागतं. भिंतीलगतच्या बोळात, दाट अक्रोडाखाली ते गोंधळतं. तिथे पुरलेली तारच बरी.

गवताचं म्हणणं तेवढं खरं आहे, मान्य. रोज थोडं थोडं कापलं की बारीक कातरण तिथेच कुजतं आणि त्यातला नायट्रोजन जमिनीला परत मिळतो. पण वाढू दिलेलं गवत एकदम कापलंत तर ढीग पडणार, आणि मग दाताळं घेऊन भाऊजींनाच उतरावं लागणार.